देशाच्या वहीत माझं नाव

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर प्रजासत्ताक दिनाच्या आठवड्यात झालेलं भाषण)

दुपारची भांडी आवरून कुणी टेकली असेल, कुणी शेताच्या बांधावर मोबाइल लावून ऐकत असेल, कुणाचा पाय शिलाई मशीनवर असेल. हातातलं काम थांबवू नका, कान तेवढे इकडे द्या.

गेल्या आठवड्यात माझी सातवीतली नात वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. शाळेत निबंध दिला होता, ‘मला भारतीय असल्याचा अभिमान का वाटतो?’ तिने हिमालयावर दोन ओळी लिहिल्या, ताजमहालावर एक लिहिली आणि पेन तोंडात घालून बसली. मग म्हणाली, “आजी, हिमालय काही मी बांधला नाही. मी इथे जन्मले त्यात माझं काय कर्तृत्व? दुसऱ्या देशात जन्मले असते तर तिकडचा अभिमान लिहिला असता. मग हा अभिमान खरा कसा?”

मी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला मुलांकडून घोषणा म्हणवून घेतल्या. पण ह्या प्रश्नाला उत्तर माझ्याजवळ तयार नव्हतं. “उद्या सांगते,” म्हणाले आणि चार दिवस विचार करत राहिले. त्या चार दिवसांत जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगते.

ह्या प्रश्नाची दोन उत्तरं तयार मिळतात. पहिलं आपल्याला पाठच आहे. देश म्हणजे आई, आणि आईचा अभिमान का वाटतो असं कुणी विचारतं का? ऐकायला बरं वाटतं. पण आईवर माया असते, ती गोष्ट वेगळी. आई चुकली तर आपण तिला सांगतो की, आई, हे बरोबर नाही. देशाच्या बाबतीत मात्र हे उत्तर देणाऱ्याला बहुतेक वेळा प्रश्नच बंद करायचा असतो.

दुसरं उत्तर शिकल्यासवरलेल्या पोरांचं. जन्म कुठे व्हावा हे काही आपल्या हातात नव्हतं, तेव्हा त्याचा अभिमान बाळगणं वेडेपणाच. ह्यात तथ्य आहे. माझ्या नातीने तेच विचारलं होतं. तरी मला ते पुरं पटत नाही. माझ्याकडे माझ्या आजीने शिवलेली गोधडी आहे. तिच्यात एकही टाका माझा नव्हता, तरी घरी कुणी आलं की मी ती उलगडून दाखवते. कारण ती मी अंगावर घेते, धुते, फाटली की ठिगळ लावते. आणि माझ्या हयगयीने ती उंदरांनी कुरतडली, तर लाजही मलाच वाटते. शेजारणीची गोधडी कुरतडली तर हळहळ वाटेल, लाज वाटणार नाही. म्हणजे अभिमान आणि लाज ह्या एकाच घरातल्या जावा. दोघींच्या आधी ‘हे माझं आहे’ असं म्हणता यावं लागतं.

इथे माझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली. देश माझा आहे, असं बाईला कधीपासून म्हणता यायला लागलं?

लग्नानंतर बाईचं नाव बदलतं, आडनाव बदलतं, घर बदलतं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण बाईचा देशही सासरचा असायचा, हे फारसं कुणी सांगत नाही. आणि हे मागासलेल्या मुलखात नव्हे, स्वतःला पुढारलेले म्हणवणाऱ्या देशांत होतं. ब्रिटनमध्ये १८७० साली कायदा झाला की, इंग्रज बाईने परक्या देशाच्या माणसाशी लग्न केलं तर तीही परकी. जन्म लंडनचा, भाषा इंग्रजी, आईबाप इंग्रज, पण नवरा जर्मन, तर बाई जर्मन. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा अशा बायकांना स्वतःच्याच देशात शत्रू देशाच्या नागरिक म्हणून नोंद करावी लागली. त्याच वर्षीच्या कायद्यात हा नियम साऱ्या साम्राज्यासाठी पुन्हा लिहिला गेला. आपण त्या साम्राज्याची प्रजा, म्हणून आपल्याही बायकांना तोच लागू. ब्रिटनने तो काढला १९४८च्या कायद्याने.

अमेरिकेत १९०७ साली असाच कायदा झाला. कॅलिफोर्नियात इथेल मॅकेन्झी नावाच्या बाई होत्या. बायकांना मत मिळावं म्हणून त्या चळवळीत राबल्या. १९११ साली त्या राज्यात बायकांना मत मिळालं. त्या नाव नोंदवायला गेल्या, तर त्यांना सांगितलं, तुमचा नवरा ब्रिटिश आहे, तुम्ही आता अमेरिकन नाही. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९१५ साली हरल्या. ज्या मतासाठी चपला झिजवल्या ते इतरांना मिळालं, त्यांना नाही.

पुढे १९२२ साली अमेरिकेने कायदा बदलला. अमेरिकन बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं तरी तिचं नागरिकत्व राहील, असं ठरलं. पण एक अट ठेवली. नवरा अमेरिकन नागरिक होण्यास अपात्र असेल, तर मात्र बाईचंही नागरिकत्व जाईल. अपात्र कोण? त्यांच्या लेखी आशियातले लोक. इथे आपला संबंध येतो.

भगतसिंग थिंद नावाचे एक पंजाबी गृहस्थ अमेरिकेत होते. क्रांतिकारक भगतसिंगांशी घोटाळा करू नका, हे वेगळे. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांनी नागरिकत्व मागितलं आणि १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ ठरत नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. सैनिक म्हणून चालला, नागरिक म्हणून नाही चालला. त्यानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांचीही नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली.

बंगालचे क्रांतिकारक तारकनाथ दास तेव्हा अमेरिकेत होते. त्यांच्या पत्नी मेरी दास जन्माने अमेरिकन. नवरा अपात्र ठरतो म्हणून त्यांच्याही पायाखालची जमीन गेली. ‘देश नसलेली बाई’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख त्यांनी १९२६ साली लिहिला.

पेशावरहून वैष्णोदास बगाई १९१५ साली बायको कला आणि तीन मुलगे घेऊन सॅनफ्रान्सिस्कोला गेले होते. तिथे त्यांनी दुकान टाकलं, १९२१ साली नागरिक झाले. नागरिकत्व हिरावल्यावर ते ना इकडचे राहिले ना तिकडचे. आपल्या मुलखात फेरी मारायची तर ब्रिटिश प्रजा म्हणून पासपोर्ट मागायचा, आणि ते त्यांना नको होतं. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. कलाबाई परमुलखात तीन मुलांना घेऊन उरल्या. त्या खचल्या नाहीत. पुढे १९४६ साली कायदा बदलला आणि हिंदी लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळू लागलं, तेव्हा त्याही नागरिक झाल्या आणि नव्याने येणाऱ्या भारतीय कुटुंबांचा आधार झाल्या. एकेकाळी बर्कली शहरात शेजाऱ्यांनी बगाई कुटुंबाला स्वतःच्या विकत घेतलेल्या घरात राहू दिलं नव्हतं. त्याच बर्कलीत आज एका रस्त्याला कलाबाईंचं नाव आहे.

नातीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे अमेरिका वाईट?” मी म्हटलं, थांब. दुसऱ्याची गोधडी झटकणं सोपं असतं. आता आपली उलगडू.

आधी चांगल्या बाजूने सुरू करते. १९०७ साली, २२ ऑगस्टला, जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात समाजवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे साडी नेसलेल्या एका बाईने हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा झेंडा फडकावला. त्या भिकाईजी कामा. मुंबईच्या सुखवस्तू पारशी घरातल्या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा रोग्यांची सेवा करताना त्यांना स्वतःला प्लेग झाला होता. नवरा इंग्रजी राज्याचा चाहता. त्या काळच्या कायद्याने भिकाईजी ‘ब्रिटिश प्रजा’. स्वतंत्र भारत नावाचा देश नकाशावर नव्हता. तरी त्यांनी त्याचा झेंडा फडकावला, आणि त्यापायी सुमारे तीन दशकं परदेशात काढली. १९३५ साली शेवटच्या आजारपणात त्यांना परत येऊ दिलं आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. त्यांचा झेंडा पुण्यात केसरीवाड्यात जपून ठेवलेला आहे. शाळेची सहल घेऊन मी तिथे गेले होते. मुलींना म्हटलं होतं, नीट बघा, ह्या बाईंना जन्माने जो देश मिळाला नव्हता त्याचा त्यांना अभिमान होता.

मग १९४७. चौदा ऑगस्टच्या मध्यरात्री संविधान सभेत नव्या राष्ट्राचा झेंडा देण्यात आला, तो भारतातल्या स्त्रियांच्या वतीने. सरोजिनी नायडू त्या रात्री हजर नव्हत्या, म्हणून तो हंसाबेन मेहतांनी अध्यक्ष राजेंद्रप्रसादांच्या हाती सोपवला. ह्याच हंसाबेन पुढे संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता तिथे गेल्या. त्याच्या पहिल्या कलमात इंग्रजीत ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असा शब्द होता. हंसाबेनने तो बदलून ‘सर्व माणसं’ असं करायला लावलं. १९४८ साली जाहीरनामा मंजूर झाला तो ह्या शब्दासकट. एक शब्द बदलला, पण त्या शब्दात निम्मं जग आत आलं.

आणि नंतर मत. इंग्रजांच्या १९३५च्या कायद्यात बायकांना मत होतं, पण कुणाला? शिकलेलीला, मालमत्ता असलेलीला, नाहीतर मालमत्ता असलेल्या माणसाच्या बायकोला किंवा विधवेला. अशा साऱ्या मिळून ६० लाखांच्या घरात. आपल्या संविधानाने एका झटक्यात सगळ्या सज्ञान बायकांना मत दिलं. ना शाळेचा दाखला विचारला, ना नवऱ्याचा सातबारा. तेव्हा स्वित्झर्लंडसारख्या श्रीमंत देशात बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत नव्हतं. ते मिळालं १९७१ साली.

पण मत द्यायचं तर यादीत नाव हवं. पहिली निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी चालली. १७ कोटींहून जास्त मतदार. निवडणूक आयुक्त होते सुकुमार सेन. त्यांची माणसं घरोघर गेली तेव्हा बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत ह्या भागांत लाखो बायकांनी नाव सांगितलंच नाही. “अमक्याची आई लिहा, तमक्याची बायको लिहा.” सेन यांनी सांगितलं, असं चालणार नाही. मतदार म्हणजे स्वतःच्या नावाचं माणूस. पुन्हा पुन्हा विचारूनही ज्यांनी नाव दिलं नाही अशा सुमारे २८ लाख बायकांची नावं पहिल्या यादीतून गळाली. नातेवाइकाच्या नावावर त्यांना मत देऊ दिलं नाही. तेव्हा पुष्कळांना हे कठोर वाटलं. मला विचाराल तर बायकांचा तो मोठा मान होता. एका गरीब, नुकत्याच उभ्या राहिलेल्या देशाने बाईला सांगितलं की, तुझ्या नवऱ्याचं नाव मला नको, तुझं सांग. पुढच्या निवडणुकांना त्यातल्या बहुतेकींनी नावं सांगितली.

आमच्याकडे उलटी गंमत. माझी आई सांगायची, यादीवाले दारात आले तेव्हा स्वतःचं नाव तिने पटकन सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारल्यावर मात्र तिची बोबडी वळली, कारण ते तोंडाने घ्यायचं कसं! शेवटी धाकट्या दिराला हाक मारली आणि त्याच्याकडून ते वदवलं. आईला वाचता येत नव्हतं. पण सरकारी वहीत आपलं नाव आहे हे ती शेवटपर्यंत सांगायची. मैत्रिणींनो, मला अभिमान कशाचा वाटतो असं कुणी विचारलं तर मी हे सांगीन.

आता गोधडीची कुरतडलेली बाजू. तीही दाखवलीच पाहिजे.

फाळणीच्या दंगलींत सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना हजारो बायका पळवल्या गेल्या. दोन्ही सरकारांनी डिसेंबर १९४७ मध्ये ठरवलं की, त्यांना शोधून ज्याच्या त्याच्या देशात परत पाठवायचं. हेतू वाईट नव्हता. मृदुला साराभाईंसारख्या बायका त्यासाठी जिवाचं रान करून फिरल्या, आणि पुष्कळजणी नरकातून सुटल्या. पण १९४९ साली आपल्याकडे जो कायदा झाला त्यात एक गोष्ट नव्हती. बाईची मर्जी. १ मार्च १९४७ नंतर मुसलमान बाई परधर्मीय घरात सापडली, तर ती पळवलेलीच असं धरायचं. तिने सांगितलं की मी आता इथे संसार मांडलाय, मला लेकरू झालंय, मला जायचं नाही, तरी तिला न्यायचं. वाद झाला तर निवाडा न्यायाधिकरणाने करायचा. संविधान सभेतल्या काही सदस्यांनी ह्याला विरोध केला, पण कायदा झाला आणि १९५७ पर्यंत राहिला. दोन्हीकडून मिळून ३० हजारांच्या आसपास बायका अशा नेल्या गेल्या. कितीजणींना तान्ही मुलं मागे ठेवावी लागली. तिकडून आणलेल्या कितीजणींना त्यांच्याच माहेरच्यांनी दार उघडलं नाही. दोन देशांनी आपापली अब्रू बाईच्या अंगावर मोजली. ती कुठली, हे ठरवताना तिला सोडून सगळ्यांना विचारलं.

आणि अजून एक, हे माझ्या घरातलं. माझी मावसबहीण नर्स होऊन इंग्लंडला गेली. तिथल्याच एका सहकाऱ्याशी तिने लग्न केलं. पासपोर्ट मात्र भारताचाच ठेवला होता, मोठ्या हौसेने. १९८६ साली मुलगा झाला. त्यालाही भारतीय म्हणून नोंदवावं म्हणून ती कचेरीत गेली. तिला सांगितलं, बाप भारतीय हवा. तिथल्या माणसाचा दोष नव्हता, आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्यातच तसं होतं. परदेशात जन्मलेल्या मुलाला देश मिळायचा तो बापाकडून. ती सुट्टीवर आली तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, “बाळाला आईचं दूध चालतं, आईचा देश चालत नाही.” संसदेने हा कायदा १९९२ साली बदलला. त्या वर्षाच्या १० डिसेंबरपासून आई किंवा बाप, कुणीही एक भारतीय असला तरी पुरे झालं. संविधान लागू झाल्यापासून ४२ वर्षांनी. तिच्या मुलाला त्याचा उपयोग नव्हता.

इथपर्यंत मी कायद्यांना बोल लावला. आता स्वतःचं सांगते. हे मी रेडिओवर सांगावं का, ह्याचा मी बराच विचार केला. पण नातीला सांगितलं ते तुमच्यापासून का लपवू?

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेत गावाबाहेरच्या पालांवरची एक पारधी मुलगी नुकतीच येऊ लागली होती. सव्वीस जानेवारीला सगळे प्रतिज्ञा म्हणत होते आणि तिचं तोंड बंद. मी तिला बाजूला घेतलं आणि दरडावून विचारलं, “देशाचा अभिमान नाही का तुला?” ती खाली बघत म्हणाली, “बाई, राती पोलिसांनी बापाला नेलं. कायबी केलं नव्हतं.” मला काय बोलावं सुचलं नाही. आणि सुचलं नाही की माणूस जे करतो तेच मी केलं. तिला कार्यक्रम संपेपर्यंत उभं केलं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी हजेरीपटात तिच्या नावापुढे गैरहजर लिहीत राहिले. मग वर्ग चालकांनी सांगितल्यावर नाव कमी केलं. त्या वहीतून तिचं नाव माझ्या हाताने गेलं.

मी इतिहासाची शिक्षिका. मला माहीत असायला हवं होतं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्याच्या अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. आपल्याकडे पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट अशा कितीतरी. त्यांना वस्त्यांमध्ये डांबलं. सोलापूरच्या अशाच वस्तीला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. तारेचं कुंपण, रोज हजेरी, बाहेर जायचं तर पास. बाया, पोरं, सगळी त्यात. देश १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र झाला. काही प्रांतांनी हा कायदा लवकर काढला, पण साऱ्या देशातून तो गेला ३१ ऑगस्ट १९५२ला. म्हणून हे लोक स्वतःला विमुक्त म्हणतात आणि ३१ ऑगस्टला आपला दिवस पाळतात. कायदा गेला तरी संशय गेला नाही. चोरी कुठेही होवो, दिवे पालांकडे वळतात.

विचार करा, जन्मावरून माणसाला चोर ठरवणं आपल्याला अन्याय वाटतो ना? मग जन्मावरून स्वतःला थोर ठरवणं तरी कसं चालेल? दोन्हींत माणसाने काय केलं ते बघायचंच नसतं. नातीचा प्रश्न बरोबर होता. नुसत्या जन्माचा अभिमान पोकळच.

पण म्हणून मी अभिमान सोडून देणार नाही. त्या मुलीच्या आठवणीने मला लाज वाटते, आणि ही लाजच मला सांगते की हा देश माझा आहे. परक्या देशात असं घडलं असतं तर मी वर्तमानपत्र मिटून ठेवलं असतं.

पुढे मतदार यादीचं काम माझ्याकडे आलं. शिक्षकांच्या मागे ते असतंच. तेव्हा मी पालांवर गेले. ती मुलगी तिथे नव्हती, ते लोक केव्हाच हलले होते. दुसरी कुटुंबं होती. एका म्हातारीला नाव विचारलं, तर म्हणाली, “माझं नाव घेऊन काय करता? पोराचं ल्ह्या.” सुकुमार सेन यांच्या माणसांना जे उत्तर मिळालं होतं तेच. त्यांच्याकडे राहण्याचा पुरावा नाही, जन्माचा दाखला नाही, शिधापत्रिका नाही. मी आणि आमच्या शाळेतल्या दोघीजणी तहसीलच्या चकरा मारत राहिलो. एका वर्षात झालं नाही. दोन वर्षांनी अकरा बायकांची नावं यादीत आली. फार मोठं काम नव्हे. जे गेलं ते भरूनही आलं नाही. पण त्या वर्षीच्या सव्वीस जानेवारीला प्रतिज्ञा म्हणताना माझा आवाज जरा मोकळा निघाला.

ती प्रतिज्ञा आपण सगळ्या म्हणत आलो. ती मुळात तेलुगूत लिहिली, पायडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी, १९६२ साली. घरी जाऊन मुलांच्या पुस्तकात पहिल्या पानांवर वाचून बघा. तिच्यात परंपरांच्या अभिमानाचं वाक्य येतं, आणि लगेच पुढच्याच वाक्यात त्यांना लायक होण्यासाठी झटण्याचं वचन येतं. आपण पहिलं वाक्य मोठ्याने म्हणतो. दुसऱ्याला येईपर्यंत धाप लागलेली असते.

तर नातीला मी शेवटी काय सांगितलं? म्हटलं, बाळा, हिमालय आणि ताजमहाल राहू दे निबंधात, सुंदरच आहेत. पण ते तुला वारशाने मिळालेत, त्यांच्याबद्दल आनंद वाटू दे. अभिमान लिहायचा तर माणसांनी केलेल्या कामाचा लिही. झेंडा फडकावणाऱ्या भिकाईजींचा, एक शब्द बदलायला लावणाऱ्या हंसाबेनचा, नवऱ्याचं नाव न घेता स्वतःचं नाव सांगणाऱ्या तुझ्या पणजीचा. ते काम पुढे नेलंस तर तो अभिमान तुझा. नाहीतर तो उसना. आणि निबंधाच्या शेवटी एक ओळ लाजेचीही लिही. गुरुजी गुण कापतील कदाचित, कापू देत.

तिने विचारलं, “आणि दुसऱ्या देशातल्या मुलीने तिच्या देशाबद्दल असंच लिहिलं तर?” म्हटलं, तर तिचाही खरा. मेरी दासबाईंनी लेख लिहिला तो अमेरिकेची मुलगी म्हणूनच. अभिमान असा असावा की दुसरीच्या अभिमानाने तो उणा होऊ नये.

मैत्रिणींनो, वेळ संपत आली. आज एवढं करा. मतदार यादीत आपलं नाव बघा, बरोबर लिहिलंय का ते बघा. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव इकडे आलं का, तेही बघा. पुष्कळदा ते माहेरी गळतं आणि सासरी चढत नाही. आणि गावाच्या कडेला जी वस्ती आहे, तिथल्या एखाद्या बाईला तिचं नाव विचारा. तिच्या पोराचं नाही, तिचं. यादीत नसेल तर तिच्याबरोबर एक फेरी तहसीलची मारा.

पुन्हा भेटू. नमस्कार.